काचेची नळी, वीस मिनिटं आणि ऊसपट्ट्यातली इंटर्नशिप

मे 2025 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात सर्पविषावरचा एक शोधनिबंध आला आणि जगभर बातम्या झाल्या. अमेरिकेतला टिम फ्रीडे नावाचा माणूस जवळजवळ 18 वर्षं स्वतःला वेगवेगळ्या विषारी सापांचं विष थोडं थोडं टोचून घेत होता. त्याच्या रक्तातून दोन प्रतिपिंडं वेगळी काढली, त्यांना व्हॅरेस्प्लॅडिब या औषधाची जोड दिली आणि हे मिश्रण उंदरांवर 19 सापांच्या विषाविरुद्ध वापरून पाहिलं. 13 विषांपासून पूर्ण संरक्षण मिळालं, उरलेल्या 6 पासून अर्धवट. तेव्हापासून एमबीबीएसच्या फायनल इयरची पोरं एक प्रश्न हमखास विचारतात: मग घोड्याच्या रक्तापासून बनणारं एएसव्ही (अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे सर्पविषावरचा उतारा) आता किती दिवसांचं सोबती?

मिरजेत, साताऱ्यात किंवा कराडला इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी माझं उत्तर सरळ आहे. तुमच्या इंटर्नशिपमध्ये आणि बहुधा तुमच्या पीजीतसुद्धा, कॅज्युअल्टीत तुमच्या हातात तेच एएसव्ही असणार आहे. त्या निबंधातले 19 साप सगळे नाग-मण्यारांच्या कुळातले. घोणस आणि फुरसं त्या यादीत नाहीत, कारण त्यांचं कूळ वेगळं आणि विषाची करामतही वेगळी. आणि आपल्याकडच्या उसात पाय पडतो तो बऱ्याचदा घोणशीवर.

सांगली जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवते. पण वारणा-कृष्णेच्या काठानं उसाचं जे रान पसरलंय त्यात उंदीर भरपूर, पाचटाचा थर जाड आणि शेतीच्या लाईटची पाळी कितीतरी वेळा रात्रीची. दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस अनवाणी, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं. घोणस जागची हलत नाही, पाचटाच्या रंगात मिसळून पडून राहते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. पण पाण्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे माळरान आणि दगडगोटे, तिथं फुरसं. पश्चिमेला कोयना, चांदोलीच्या जंगलपट्ट्यात चापडा आणि त्याचे भाऊबंद. चापडा आणि त्याच्या भाऊबंदांच्या विषावर आपलं एएसव्ही बनवलेलंच नाही, हे पोस्टिंगच्या पहिल्या दिवशीच डोक्यात ठेवावं. भारतातलं एएसव्ही चार सापांसाठीच आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

आकडे एकदा नीट बघा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’वर आधारित अभ्यासानुसार 2000 ते 2019 या 20 वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च 2024 मध्ये आला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रानं राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करायला सांगितलं. हे सगळं शेवटी इंटर्नच्या केसपेपरवर येऊन टेकतं, म्हणून आता केसपेपरकडं वळतो.

नातेवाईक आत येतानाच म्हणतात, “पान लागलंय” (म्हणजे साप चावलाय), नाहीतर “कायतरी चावलंय, दिसलं न्हाई.” पहिला प्रश्न ‘कोणता साप?’ हा नको. किती वाजता, कुठं, काय करत असताना, त्यानंतर काय काय केलं, हे आधी विचारा. वेळ घड्याळाची लिहा. ‘रात्री’ असं लिहिलेला केसपेपर सकाळच्या राऊंडला काही कामाचा नसतो. “टीव्हीवरचं अमुक झालं होतं का? लाईट आली होती का?” असं विचारलं की वेळ बरोबर निघते, आमच्या भागात लाईटची वेळ घराघरात तोंडपाठ असते. कुणी साप मारून पिशवीत घेऊन आलं तर पिशवीत हात घालू नका. मेलेल्या, अगदी तोडलेल्या मुंडक्याचाही चावा बसू शकतो. मोबाइलवर लांबून काढलेला फोटो पुरतो, आणि तोही नसला तरी उपचार अडत नाहीत, कारण उपचार लक्षणांवर ठरतात.

आवळून बांधलेली दोरी, रुमाल, कधी सायकलची ट्यूब, हे अजूनही येतं. ती बघताक्षणी कापून टाकायची घाई नको. आधी दुसऱ्या हाताला सलाईनची लाईन, एएसव्ही आणि (त्याची रिॲक्शन आलीच तर द्यायचं) ॲड्रेनॅलिन तयार, दोरीच्या खालची नाडी तपासलेली, आणि मग हळूहळू सैल. एकदम सोडली की साचलेलं विष एका दमात आत जातं आणि मण्यार-नागाच्या रुग्णाचा श्वास बंद पडू शकतो. ब्लेडनं चिरा मारून आणलेली जखम असेल आणि तिच्यातून रक्त थांबत नसेल, तर रक्त गोठत नाहीये ही खूण तिथंच मिळाली.

आता काचेच्या नळीकडं येतो. रक्त गोठतंय का हे बघायची ही चाचणी सगळ्यांना लेक्चरमध्ये माहीत असते आणि रात्रपाळीला सगळ्यात जास्त चुकते तीही हीच.

शिरेतून काढलेलं ताजं 2 मिली रक्त. नवी किंवा निदान साबण न लागलेली, स्वच्छ, कोरडी, काचेची नळी. रक्त घातलं की नळी स्टँडमध्ये उभी करायची, नळीला चिकटपट्टी लावून तिच्यावर घातल्याची वेळ लिहायची आणि 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. गोठलेलं असेल तर गोळा जागेवर राहतो. नसेल तर रक्त वाहतं. बस, एवढंच.

चुकतं कुठं? पहिलं म्हणजे नळी. काचेच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळं रक्तातला बारावा घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत हे नीट होत नाही; निरोगी माणसाचं रक्तही वीस मिनिटांत पातळ राहू शकतं आणि तुम्ही विनाकारण एएसव्हीच्या 10 व्हायल (कुप्या) लावता. डिटर्जंटनं धुतलेल्या काचेवर साबणाचा थर राहतो, परिणाम तोच. उलट लॅबच्या काही प्लेन बल्बमध्ये (रक्त घ्यायच्या साध्या नळ्यांत) रक्त लवकर गोठावं म्हणून पावडर घातलेली असते. तिथं विषबाधेतलंही रक्त गोठल्यासारखं दिसू शकतं आणि तुम्ही निर्धास्त होता. दुसरं म्हणजे उतावळेपणा. आठव्या मिनिटाला एकदा, बाराव्याला एकदा नळी हलवून बघणारे असतात. हलवलेल्या नळीत गोळा नीट बांधतच नाही. तिसरं म्हणजे वेळ. तेवढ्यात ॲक्सिडेंटची केस येते, इंटर्न तिकडं पळतो, नळी पन्नास मिनिटांनी बघतो आणि कागदावर ‘20 मिनिटं’ लिहितो. मोबाइलचा टायमर लावा. शंका असेल तर निरोगी माणसाचं रक्त तशाच दुसऱ्या नळीत शेजारी ठेवा. ते गोठलं तर नळी बरोबर आहे, रुग्णाचंच रक्त बिघडलंय.

ही काळजी किती महत्त्वाची, हे श्रीलंकेतल्या दोन अभ्यासांवरून कळतं. 2013 च्या अभ्यासात रोजच्या वॉर्डात जशी होते तशी ही चाचणी तपासली, तर खरोखर रक्त बिघडलेल्यांपैकी फक्त 40 टक्क्यांच्या आसपास रुग्ण तिनं पकडले. 2017 च्या अभ्यासात तीच चाचणी प्रशिक्षित माणसांनी नियमानुसार केली, तर 82 टक्के. चाचणी तीच, विषही घोणशीचंच. फरक पडला तो शिस्तीमुळं. मला वाटतं, मेडिकलच्या विद्यार्थ्याला संशोधन म्हणजे काय हे शिकवायला या दोन निबंधांइतकं चांगलं उदाहरण क्वचितच असेल.

पहिली नळी गोठली म्हणून रुग्णाला घरी पाठवायचं नाही. पहिले तीन तास दर तासाला आणि मग 24 तास दर सहा तासांनी चाचणी. युनिटचा स्वतःचा प्रोटोकॉल असेल तर तो भिंतीवर लावलेला असतो, तो बघा.

नळी गोठली नाही, किंवा पापण्या पडायला लागल्या, किंवा सूज सांध्याच्या वर चढत चालली, तर एएसव्ही. सुरुवातीचा डोस 10 व्हायल. हा आकडा कुठून आला हे पोरांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. आपल्या एएसव्हीचा 1 मिली नाग आणि घोणशीचं 0.6 मिग्रॅ विष निकामी करतो, मण्यार आणि फुरशाचं 0.45 मिग्रॅ. एक व्हायल 10 मिलीची, म्हणजे 10 व्हायल घोणशीचं 60 मिग्रॅ विष सांभाळतात. घोणस एका चाव्यात सरासरी 63 मिग्रॅ विष सोडते. हिशोब एवढाच आहे. म्हणूनच लहान मुलाचा डोस कमी करायचा नाही. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. गरोदर बाईलाही तोच डोस.

एएसव्ही पावडरच्या रूपात येतं. प्रत्येक व्हायलमध्ये सोबतचं 10 मिली स्टराइल वॉटर घालून व्हायल तळहातावर हळूहळू फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो, प्रथिनं बिघडतात आणि फेसातलं औषध सिरिंजमध्ये येत नाही. दहा व्हायल एकट्यानं विरघळवायला वेळ लागतो, म्हणून सिस्टर किंवा सोबतच्या इंटर्नला घ्या आणि दोघं मिळून करा. मग ते नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेतून. चाव्याच्या जागी टोचायचं नाही, कमरेत द्यायचं नाही, आणि टेस्ट डोस द्यायचा नाही. टेस्ट डोसवरून कुणाला रिॲक्शन येणार हे कळत नाही. उलट त्यात वेळ जातो आणि रिॲक्शनही येऊ शकते.

सलाईन सुरू करण्याआधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून, ट्रेमध्ये उशाशी. 1:1000 चं 0.5 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मुलांना किलोमागं 0.01 मिग्रॅ. पहिली खूण बहुतेकदा खाज किंवा अंगावर गांध्या. खाजच तर आहे म्हणून वाट बघू नका. एएसव्ही थांबवा, ॲड्रेनॅलिन द्या, बरं वाटलं की हळू गतीनं पुन्हा सुरू करा. विष तर शरीरात आहेच, त्यामुळं रिॲक्शन आली म्हणून एएसव्ही कायमचं बंद करणं हा पर्याय नाही. पहिली 30 मिनिटं दर 5 मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास. रुग्णाच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. हे काम वॉर्डबॉय मामांवर सोडून जेवायला जाण्याचं नाही.

इथंही एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. 2011 मध्ये श्रीलंकेतल्या 1007 रुग्णांवरच्या चाचणीत एएसव्हीच्या आधी त्वचेखाली दिलेल्या ॲड्रेनॅलिनच्या छोट्या डोसनं, म्हणजे 0.25 मिलीनं, पहिल्या तासातल्या गंभीर रिॲक्शन 43 टक्क्यांनी कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिझोन आणि प्रोमेथाझिन यांचा असा उपयोग दिसला नाही. वॉर्डात सवयीनं दिलं जाणारं इंजेक्शन आणि खरोखर उपयोगी इंजेक्शन यातलं अंतर इथं दिसतं.

एएसव्ही दिल्यावर पुढची नळी सहा तासांनी. तासाभरानं नळी लावून “अजून गोठत नाही” म्हणून आणखी 10 व्हायल लावणारे भेटतात. एएसव्ही विष निकामी करतं, पण खर्ची पडलेले गोठण घटक परत बनवायचं काम यकृताचं, आणि त्याला सुमारे सहा तास लागतात. सहा तासांनीही गोठलं नाही तर पुढच्या व्हायल. घोणस-फुरशासाठी एकूण 30 व्हायलच्या पुढं सहसा जात नाहीत; नाग-मण्यारासाठी 20.

रक्त गोठत नसताना स्नायूत कोणतंही इंजेक्शन नाही, ॲड्रेनॅलिन सोडून. धनुर्वाताचं टीटीसुद्धा रक्त गोठायला लागल्यावर. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक अजिबात नको, पॅरासिटॅमॉल द्या. घोणशीत लघवीवर नजर हवी: दर तासाची मिलीमध्ये, रंग काय, हे तक्त्यात. ‘लघवी होतेय’ एवढंच लिहिलं तर किडनी कधी बसली हे कुणालाच कळणार नाही आणि डायलिसिसला पाठवायला उशीर होईल.

मण्यारचं सगळंच वेगळं. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांमध्ये जमिनीवर झोपलेली माणसं, पहाटे पोटात कळ, उलट्या, घसा जड. चाव्याची खूण दिसत नाही, सूज नाही, साप कुणी बघितलेला नाही. ही केस सर्जरीकडं किंवा ‘गॅस’ म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवली जाऊ शकते. पहाटेची पोटदुखी आणि जमिनीवर झोपण्याची सवय हे दोन एकत्र दिसले की पापण्या बघा. वर बघायला सांगा आणि मिनिटभर वरच बघत राहायला सांगा. पापणी हळूहळू खाली येते. उताण्या झोपलेल्याला उशीवरून मान उचलायला सांगा. एक दीर्घ श्वास घेऊन त्याच श्वासात मोठ्यानं अंक म्हणायला सांगा आणि कितीपर्यंत गेला तो आकडा दर अर्ध्या तासानं लिहा. 25 वरून 14 वर आला तर व्हेंटिलेटरच्या तयारीला लागा, सॅच्युरेशन पडायची वाट बघू नका.

नागाचं विष स्नायूकडच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतं, म्हणून निओस्टिग्मिननं फरक दिसतो: आधी ॲट्रोपिन 0.6 मिग्रॅ, मग निओस्टिग्मिन 1.5 मिग्रॅ. मण्यारचं मुख्य विष मज्जातंतूचं टोकच बिघडवतं, तिथं निओस्टिग्मिनचा उपयोग फारसा होत नाही. तीन डोसांत सुधारणा नसेल तर थांबा. मण्यारच्या रुग्णाला खरं वाचवतं ते व्हेंटिलेटर आणि धीर. पूर्ण लकवा झालेल्या रुग्णाचे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि स्थिर असतात, हात उचलला तर पडतो. तो मेंदूनं मेलेला दिसतो, पण आतून शुद्धीवर असू शकतो आणि सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी उभं राहून “संपलंय” म्हणू नका. त्याला नावानं हाक मारा, काय करताय ते सांगा.

आता बाहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या पोस्टिंगबद्दल. एएसव्हीचा पहिला डोस तिथंच सुरू करून मग 108 बोलवायची, हा नियम आहे आणि तो पाळण्यासारखाच आहे. जतहून मिरजेला यायला लागणारा वेळ विषाचा असतो. चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: चावल्याची वेळ, नळीचा निकाल आणि ती कितीला लावली, किती व्हायल कितीला दिल्या, रिॲक्शन आली का. नागाची शंका असेल आणि श्वास उथळ असेल तर अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) कशी दाबायची हे सोबतच्या नातेवाइकाला पाच मिनिटं शिकवा. आणि निदानात ‘अननोन बाईट’ लिहून मोकळं होऊ नका. विषबाधेची लक्षणं असतील तर ‘सर्पदंश, विषबाधेसह’ असं स्पष्ट लिहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशानं दगावलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना 2 लाख रुपये मिळतात. तुमचा एक अर्धवट शब्द त्या घराला महिनोन्महिने हेलपाटे घालायला लावतो.

डिस्चार्ज देताना सांगायचं राहून जातं ते असं: आठवड्याभरानं ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर परत या. घोड्याच्या प्रथिनांवर शरीर उशिरा रागावतं, साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी. वेळेत आलं तर थोड्या स्टेरॉइडवर भागतं.

एएसव्ही बनतं कसं, हेही एकदा समजून घ्या. सापाच्या विषाचे वाढते डोस घोड्याला देतात, त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं काढतात. मूळ पद्धत 1890 च्या दशकातली, फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेतच्या काळातली. भारतातल्या बहुतेक कंपन्यांना विष मिळतं तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून. म्हणजे साप तिकडचे आणि चावणारा इकडचा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं हाच मुद्दा लावून धरला आहे. 2025 च्या त्यांच्या अभ्यासात देशभरातल्या 34 ठिकाणच्या 115 घोणशींचं विष तपासलं, तेव्हा तापमान आणि पावसाप्रमाणं विषाचा पोत बदलतो असं दिसलं. कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांची (एन्झाइमची) क्रिया जास्त. आता सांगली जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: शिराळ्याला धो-धो पाऊस आणि जतला दुष्काळ, एकाच जिल्ह्यात. इथल्या दोन टोकांच्या रुग्णांमध्ये फरक दिसतो का, हा प्रश्न मिरजेच्या विद्यार्थ्यानं नाही विचारायचा तर कुणी?

बाकीचं नवं थोडक्यात. 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेनं सुनगर यांच्या गटासोबत एक प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड मांडलं. नाग कुळातल्या विषातल्या एका मोठ्या गटावर ते चालतं. जानेवारी 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेनं संगणकावर नव्यानं रचलेली छोटी प्रथिनं दाखवली, नाग कुळातल्या विषातल्या, मज्जातंतूंवर चालणाऱ्या विषद्रव्यांचे घातक डोस दिलेले उंदीर त्यांनी वाचवले. बेकर यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच प्रथिन-रचनेच्या कामासाठी मिळालं. छोटी प्रथिनं स्वस्तात बनू शकतात आणि घोड्याची गरज नाही, हे मला सगळ्यात आशादायक वाटतं. पण वाचताना दोन गोष्टी तपासा. विष आणि औषध आधी मिसळून उंदराला दिलं, की आधी विष आणि मग औषध? पहिलं सोपं, दुसरं कॅज्युअल्टीसारखं. आणि दुसरी गोष्ट, कोणत्या सापाचं विष? घोणस नसेल तर आपल्या भागात आनंद जपून करा.

माझं स्वतःचं लक्ष गोळ्यांकडं आहे. व्हॅरेस्प्लॅडिब हे आधी हृदयविकारासाठी तपासलेलं औषध, तिथं ते अपयशी ठरलं. पण सर्पविषातल्या फॉस्फोलिपेझ नावाच्या विकराला ते अडवतं, आणि हे विकर घोणशीतही आहे, मण्यारीतही. भारत आणि अमेरिकेत तोंडानं द्यायच्या रूपाची चाचणी झाली. निकाल 2024 मध्ये आले. मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही, मात्र चावल्यापासून पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत सुधारणेचा कल होता. फुरशासारख्या सापांच्या विषातल्या धातूवर चालणाऱ्या विकरांसाठी युनिथिऑल हे जुनं औषध केनियात पहिल्या टप्प्याच्या चाचणीतून गेलंय. शेताच्या बांधावर घेता येणारी गोळी आली, तर दारं धरायला गेलेल्या माणसाचे सगळ्यात महागडे तास वाचतील. अजून ती आलेली नाही, आणि आली तरी एएसव्हीच्या जोडीनंच वापरायची असणार.

डॉ. हिम्मतराव बावस्करांचं उदाहरण मेडिकलच्या प्रत्येक पोराला माहीत हवं. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायचं, हे काम त्यांनी महाड-बिरवाडीच्या भागात, ग्रामीण रुग्णालयांत, रुग्णाशेजारी बसून केलं आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. 2011 च्या त्यांच्या ‘बीएमजे’तल्या चाचणीत विंचवाचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण फक्त प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. हे सगळं उभं राहिलं ते वेळेनुसार लिहिलेल्या बीपी-नाडीच्या नोंदींवर.

तुम्हाला असं काही संशोधन करायचं असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचा अर्ज इंटर्नशिपच्या आधीच्या वर्षांत करा. इंटर्नला तो करता येत नाही. काम दोन महिन्यांचं असतं, त्यामुळं विषय छोटा धरा. ‘सर्पदंशाचा सर्वंकष अभ्यास’ असला विषय दोन महिन्यांत होत नाही. चावल्यापासून पहिल्या व्हायलपर्यंत किती मिनिटं गेली आणि ती कुठं गेली, घरी, मांत्रिकाकडं, आरोग्य केंद्रात की वाटेत, एवढा विषय पुरतो. किंवा वॉर्डातल्या नळीचा निकाल आणि लॅबचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा) शेजारी ठेवून बघा. जून ते सप्टेंबर केसेस जास्त, म्हणून काम पावसाळ्यात येईल असं बघा. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, रुग्ण नंतर. कमिटीची बैठक महिनोन्महिने होत नाही असंही घडतं, म्हणून प्रोटोकॉल मार्चपर्यंत गाईडच्या टेबलावर हवा. संमतीपत्र मराठीत, आणि असं मराठी की पेशंटच्या आईला वाचून दाखवलं तर कळेल. शुद्ध हरपलेल्या रुग्णासाठी संमती कुणाची घ्यायची, हे प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा. कमिटी पहिल्यांदा तेच विचारते. आणि नोंदीच्या फॉर्ममध्ये ‘अंदाजे’ नावाचा एक वेगळा रकाना ठेवा, म्हणजे घड्याळाची वेळ आणि अंदाजाची वेळ एकमेकांत मिसळणार नाहीत.